दाताच्या बुडाची खाच : कीड नव्हे, झीज



गार पाणी तोंडात घेतले की एखादाच दात शिवशिवतो. कैरीची फोड खाल्ली की कळ थेट कानशिलापर्यंत जाते. आरशासमोर उभे राहून ओठ वर करून पाहावे, तर सुळ्याच्या किंवा त्याच्या मागच्या उपदाढेच्या बुडाशी, अगदी हिरडीला लागून, आडवी खाच पडलेली दिसते. झाड तोडताना बुंध्याला कुऱ्हाडीची पहिली खाप घालावी, तशी ती असते. नख फिरवले तर नख अडकते. वय वाढेल तशी ही तक्रारही वाढते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडात, आणि मिश्री लावणाऱ्या आमच्या माय-माउलींच्या तोंडात तर हटकून, अशी एखादी तरी खाच सापडेल.

अशा वेळी गावात सर्रास म्हटले जाते, ‘दाताला कीड लागली.’ मग लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवणे आले, आणखी जोराने दात घासणे आले, आणि शेवटी कंटाळून ‘काढूनच टाका एकदाचा, कटकट नको’ हेही आले. यात वाईट एवढेच की, असा दात बहुधा मुळात घट्ट असतो. त्याचे मूळ शाबूत असते, तो हलत नसतो, आणि भाकरी चावण्याचे काम आणखी वीस वर्षे करू शकला असता. असा दात आपण हाताने गमावतो. म्हणून ही खाच म्हणजे नक्की काय, दंतवैद्य ती कशी ओळखतात आणि तिच्यावर उपाय काय, हे समजावून घेणे अगत्याचे आहे.

दाताची मान नाजूक का?

दाताचा जो भाग तोंडात दिसतो, त्यावर एनॅमलचे कवच असते. आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. त्यात वजनाने ९६ टक्क्यांच्या आसपास खनिज असते. त्याच्या आत डेंटिन नावाचा पिवळसर थर असतो. तो एनॅमलपेक्षा बराच मऊ असतो, कारण त्यात खनिज सुमारे ७० टक्केच. त्याच्याही आत मधोमध नस असते. आता गोष्ट अशी की, एनॅमल सगळीकडे सारख्या जाडीचे नसते. चावायच्या बाजूला ते जाड असते आणि हिरडीकडे येता येता पातळ होत होत संपते. त्या जागेला आपण दाताची मान म्हणू. मानेच्या खाली मूळ सुरू होते. मुळावर एनॅमल नसतेच, केवळ एक पातळ थर असतो. हिरडी जागेवर असेल तोवर मूळ झाकलेले राहते. वयाने, हिरडीच्या रोगाने किंवा रगडून घासल्याने हिरडी वर सरकली, की मूळ उघडे पडते. मऊ भाग एकदा उघडा पडला की झिजायला वेळ लागत नाही.

शिवशिव का होते, तेही समजून घेऊ. डेंटिनमध्ये नसेकडे जाणाऱ्या अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. वरचे कवच गेले की नळ्यांची तोंडे उघडी पडतात. गार पाणी, वारा किंवा आंबट-गोड लागले की नळीतला द्रव हलतो आणि आतली नस चाळवते. ही उपपत्ती स्वीडनचे संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रयोगांनी पक्की केली. आजचे बरेचसे उपाय तिच्याच आधारे चालतात : नळ्यांची तोंडे बुजवायची.

झिजेची तीन कारणे

आपल्या कारखान्यातल्या मिल रोलरचे उदाहरण घेऊ. हंगामभर ऊस गाळून रोलरचे दाते झिजतात, ते कशाने? उसाबरोबर आलेली माती-वाळू त्यांना घासते. रसाचा आंबटपणा धातू खातो. शिवाय वरून दाब असतोच. दाताच्या मानेची झीजही याच तीन वाटांनी होते.

पहिली वाट घासण्याची. राखुंडी, कोळशाची पूड, विटकरीची भुकटी, जाडे मीठ, खरखरीत दंतमंजन आणि मिश्री हे सगळे दातावर पॉलिश पेपरासारखे काम करतात. त्यात कडक केसांचा ब्रश आणि करवत ओढल्यासारखा आडवा हात असला, की खाच पडलीच म्हणून समजा. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही. पण नीट न चावता, तिचा कुंचा मऊ न करता दाताच्या बुडाशी आडवी रगडली, तर तीही तेच करते. अमेरिकेतून येऊन बर्लिनमध्ये काम केलेले दंतशास्त्रज्ञ विलोबी मिलर यांनी काढलेल्या दातांवर निरनिराळ्या पुडी घासून पाहिल्या, आणि १९०७ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. खरखरीत पुडीने घासलेल्या दातांना मानेशी तोंडात दिसते तशीच खाच पडली होती. पुढच्या संशोधनातही असेच दिसले की, नुसता ब्रश फार थोडे झिजवतो. खरे काम करते ती त्याच्याबरोबरची पूड किंवा पेस्ट, आणि घासणाऱ्या हाताचा जोर.

दुसरी वाट आंबटाची. माती परीक्षणाच्या कागदावर आपण सामू पाहतो. सामू ७ च्या खाली गेला की आम्लता आली. तोंडातला सामू ५.५ च्या खाली उतरला की एनॅमल विरघळू लागते. मुळाचे डेंटिन तर त्याच्या आधीच, सामू ६ च्या वर असतानाच विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५, आणि बाटलीतल्या काळ्या कोल्ड्रिंकचाही २.५ च्या आसपास. चिंच, कैरी, लोणचे ही सगळी त्याच पंगतीतली. ताज्या उसाच्या रसाचा सामू साधारण ५ ते ५.५ असतो. म्हणून तर शुद्धीकरणात चुना घालून तो ७ च्या आसपास आणावा लागतो. रसवंतीवर त्यात लिंबू पिळले की तो आणखी उतरतो. जेवणाबरोबर हे पदार्थ खाल्ले तर लाळ त्यांना सावरून घेते. दिवसभर चिंच चघळली किंवा घोटघोट कोल्ड्रिंक प्यायले, तर लाळेला सवडच मिळत नाही. ज्यांना पित्ताचा त्रास आहे, आंबट पाणी वारंवार घशाशी येते, त्यांच्या दातांना तर पोटातलेच आम्ल लागते. आम्लाने मऊ पडलेल्या दातावर लगेच ब्रश फिरवला, की दोन्ही वाटा एकत्र येतात. प्रत्यक्षात बहुतेकांच्या तोंडात असेच घडते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपण साखर कारखान्याचे सभासद आहोत म्हणून लपवायचे कारण नाही. साखरेने दात किडतात, हे खरेच आहे. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते दात पोखरते. पण आपण बोलतो आहोत ती खाच वेगळी. तिच्यात जंतूंचा हात नसतो. कीड आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांचे उपायही वेगळे आहेत.

तिसरी वाट दाबाची. झोपेत करकर दात खाणाऱ्या माणसाच्या दातावर आडवा ताण पडतो, दात मानेशी किंचित वाकतो आणि तिथले एनॅमल तडकून कणाकणाने उडते, असे मत १९८४ साली ली आणि ईकल यांनी मांडले. १९९१ साली ग्रिप्पो यांनी या प्रकाराला ‘ॲबफ्रॅक्शन’ असे नाव दिले. नुसत्या दाबाने खाच पडते का, याबद्दल जाणकारांत अजून एकमत झालेले नाही. दाबाची भर पडत असावी, एवढे पुष्कळजण मानतात.

दंतवैद्य निदान कसे करतात?

चांगला दंतवैद्य तोंड उघडायला सांगण्याआधी प्रश्न विचारतो. दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? ब्रश कडक की मऊ? मिश्री, तंबाखू, गुटखा? आंबट किती खाता? पित्त होते का, उलट्या होतात का? झोपेत दात खाता असे घरचे म्हणतात का? कोणती औषधे चालू आहेत? काही औषधांनी तोंड कोरडे पडते आणि लाळेचे संरक्षण जाते. हे प्रश्न ऐकून काहींना वाटते, ‘दात दाखवायला आलो, हा चौकशाच करतोय.’ पण निम्मे निदान या उत्तरांतच असते. मिश्रीची गोष्ट लाजून दडवू नये. डॉक्टरला ती दातावरच्या काळ्या थरावरून दिसतेच, पण स्वतः सांगितले तर उपचार नेमका होतो.

मग तपासणी. आधी दातावरचा काळा-पिवळा थर साफ करतात, कारण मिश्रीचा डाग आणि कीड दिसायला सारखीच. दात हवेच्या झोताने कोरडा करतात आणि आरसा व सळई घेऊन खाच पाहतात. सळईला जागा कठीण आणि गुळगुळीत लागली, चकाकताना दिसली, तर ती झीज. मऊ, तपकिरी आणि सळई रुतणारी असली तर कीड. कधी जुन्या खाचेत अन्न साचून वरून कीडही लागलेली असते. म्हणून हे बघणे महत्त्वाचे.

पुढे खाचेचा आकार. पाचर बसावी तशी टोकदार, कडा धारदार, गालाच्या बाजूला, सुळे आणि उपदाढांना असेल, तर घासण्याचा संशय. उजव्या हाताने घासणाऱ्याच्या डाव्या बाजूला ती बहुधा जास्त खोल असते, कारण तिकडे हाताचा जोर अधिक बसतो. बशीसारखी उथळ, पसरट आणि कडा विरलेली असेल, तर आंबटाचा संशय. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजली असेल, तर डॉक्टर पोटातल्या आम्लाची चौकशी करतात आणि फिजिशियनकडे पाठवतात. शेजारचे दात धड असून एकाच दाताला खाच असेल आणि तो दात चावताना आधी टेकत असेल, तर दाबाकडे बोट जाते. त्यासाठी रंगीत कागद चावायला देऊन कुठे जास्त भार येतो ते पाहतात.

खोलीही मोजतात. ब्रिटनमधले स्मिथ आणि नाइट यांनी १९८४ साली झीज मोजायची एक पद्धत घालून दिली. तिच्याप्रमाणे मानेची खाच १ मिलिमीटरपेक्षा कमी, १ ते २ मिलिमीटर आणि २ पेक्षा जास्त, अशा चढत्या पायऱ्या मानतात. नस उघडी पडली तर ती शेवटची पायरी. नसेची तब्येत पाहण्यासाठी दाताला गार लावतात. गार काढताच कळ थांबली तर नस ठीक. कळ कितीतरी वेळ रेंगाळत राहिली, किंवा रात्री आपोआप ठणका लागत असला, तर नस बिघडली असे समजतात. गरजेप्रमाणे दातावर हलके ठोकून पाहणे आणि एक्स-रे हेही होते. हिरडीभोवती खोलगट जागा झाली आहे का, तेही तपासतात.

एक इशारा. खाच खोल असूनही काहींना दुखत नाही. झीज सावकाश होत असेल तर दात आतल्या बाजूने नवा थर धरून नस वाचवतो. तेव्हा दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असे नव्हे.

उपचार : आधी कारण, मग भरण

उथळ आणि न दुखणारी खाच लगेच भरलीच पाहिजे असे नाही. डॉक्टर फोटो किंवा दाताचा ठसा घेऊन ठेवतात, सवय बदलायला सांगतात आणि काही महिन्यांनी ताडून पाहतात. झीज थांबली असेल तर दातावर काहीच करावे लागत नाही.

शिवशिव असेल तर पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट देतात. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आठ दिवसांत सोडून देऊ नये. दवाखान्यात फ्लोराइडचे वॉर्निश किंवा नळ्या बुजवणारे दुसरे औषध लावतात.

शिवशिव जात नसेल, खाच १ मिलिमीटरहून खोल असेल किंवा वाढत असेल, अन्न अडकत असेल, नस जवळ आली असेल, तर खाच भरतात. पूर्वी चांदी भरत, पण चांदी दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून चांगला दात आणखी कोरावा लागे. १९७२ साली लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयोनोमर सिमेंटची माहिती प्रसिद्ध केली. हे सिमेंट दाताला रासायनिक रीतीने धरते आणि त्यातून थोडे फ्लोराइडही सुटते. दुसरा पदार्थ कंपोझिट. तो दाताच्या रंगाचा असतो. खाचेची जागा थोडी खरबरीत करतात, आम्लाने कोरून चिकटद्रव्य लावतात, मग थर भरून निळ्या प्रकाशाने तो कडक करतात. दोन्हींत मोठी अडचण ओलाव्याची, कारण जागा हिरडीलगतची. म्हणून डॉक्टर कापूस ठेवतात, कधी हिरडीत बारीक दोरा सारतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत हलू नये, बोलू नये. भरण टिकणे यावर बरेच अवलंबून असते.

नस बिघडलेली असेल तर रूट कॅनल करून वर टोपी बसवतात. हिरडी फार सरकली असेल तर तज्ज्ञ टाळूवरचा तुकडा घेऊन हिरडी झाकतात. झोपेत दात खाणाऱ्यास रात्री घालायचे प्लॅस्टिकचे पाते देतात. दात काढणे हे सर्वांत शेवटचे.

‘भरले होते, वर्षात पडले, डॉक्टरच बोगस,’ अशी तक्रार आपल्या कानावर वारंवार येते. कधी कामात कसर असेलही. पण भरण करून आल्यावर दुसऱ्या दिवशी तीच मिश्री आणि तोच रगडा सुरू राहिला, तर भरणाच्या शेजारचा दात झिजतो आणि भरण सुटते. हा तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला. उसाबरोबर माती येत राहिली, तर रोलरचे दाते दर हंगामाला कितीदा दुरुस्त करणार?

घरी करण्यासारखे

ब्रश मऊ केसांचा घ्यावा, ‘सॉफ्ट’ लिहिलेला. मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरावा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीकडे तिरपे टेकवून जागच्या जागी हलके हलवावेत आणि मग हिरडीकडून दाताकडे फिरवावेत. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटे. केस फाकले की ब्रश बदलावा. महिनाभरातच केस फाकत असतील, तर आपला हात जड आहे हे ओळखावे.

आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास तरी ब्रश करू नये. राखुंडी, कोळसा, विटकर बंद.

मिश्रीबद्दल वेगळे सांगायला हवे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दात झिजवते हा तिचा लहान गुन्हा. तोंडाच्या कर्करोगाशी तंबाखूचे नाते सिद्ध झालेले आहे, आणि गरोदरपणी तंबाखू वापरणाऱ्या मातेचे मूल कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. तंबाखू घातलेली पेस्ट आणि दंतमंजन बनवण्या-विकण्यावर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? ते घरातल्यांनीच केले पाहिजे, तेही टोमणे न मारता. वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही. डॉक्टरांच्या मदतीने टप्प्याटप्प्याने सुटते. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

कुठे दाखवावे? बी.डी.एस. पदवी असलेल्या नोंदणीकृत दंतवैद्याकडे. बाजारच्या दिवशी रस्त्यावर दात बसवून देणाऱ्याकडे नव्हे. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. लोणी, कराड, सांगली अशा ऊसपट्ट्यातल्या गावांतही दंत महाविद्यालये आहेत.

गळीत संपले की कामाची घाई थोडी कमी होते. त्या दिवसांत एकदा उजेडात बसून घरातल्या वडीलधाऱ्यांचे ओठ वर करून बघा, आणि स्वतःचेही. हिरडीलगत खाच दिसली तर आधी ब्रश आणि मंजन बदला, मग दंतवैद्याला दाखवा. दात काढायची घाई कोणी केली, तर एवढेच विचारा : ‘डॉक्टरसाहेब, ही कीड आहे की झीज? आणि झीज असेल तर कशाने?’